जुन्या गाडीची थरथर आणि पेट्रोलचा खप : तुमचे अनुभव सांगा

सातरस्तावाला:
आज सिग्नलला शेजारी एक पांढरी मारुती ८०० उभी राहिली. आरसा, नंबरप्लेट, मागच्या काचेतला गणपती, सगळं लटलट हलत होतं. आमची आठवली. २०१४ ला बनायची बंद झाली, पण सोलापुरात अजून दिसतेच. आमचीही शेवटी शेवटी अशीच थरथरायची आणि पेट्रोल तर विचारूच नका. जो तो फिटर कार्बोरेटरच खोलायचा. शेवटी निघालं काय, तर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक चीर. ओल धरली की एक सिलिंडर गप्प. मुळात तीनच, त्यातला एक गेल्यावर राहतं काय? तुमच्या गाड्यांचं काय निघालं ते लिहा.

जुळेसोलापूर_बे:
ओल कुठली बे? नळाला पाणी चार दिवसाआड, अन् तुझ्या डिस्ट्रिब्युटरला रोज? 😂

सातरस्तावाला:
पावसाळ्यात बे. अन् वॉशिंगवरून आणली की हमखास.

काकू_नवीपेठ:
पप्पांची फियाट. चोकची नॉब आत गेलेली दिसायची, पण केबल गंजलेली, त्यामुळे कार्बोरेटरची हवेची पट्टी अर्धी बंदच. तुळजापूरपर्यंत गाडीत पेट्रोलचा वास. आईला मळमळायचं आणि पप्पा म्हणायचे, काच खाली कर. केबल बदलल्यावर वास गेला, आईचं मळमळणं काही गेलं नाही.

झेनवाला:
माझं थर्मोस्टॅट निघालं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. मारुती झेन, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनची, सेकंडहँड घेतलेली. सोळा-सतरा देणारी गाडी अकरावर आली. सिग्नलला भकभक, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. प्लग झाले, एअर फिल्टर झाला, थ्रॉटल बॉडी धुऊन झाली, फरक शून्य. मग विजापूर रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. गड्ड्याच्या जत्रेच्या आसपासचे थंडीचे दिवस, पंढरपूरहून थेट तिकडंच. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी डॅशबोर्डकडं बघितलं. टेंपरेचरचा काटा तळाशी. "मालक, हिचा थर्मोस्टॅट काढलाय कुणीतरी." खोललं तर हाऊसिंग रिकामं!
आपल्याकडं उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काढून फेकतात. कार्बोरेटरच्या गाडीत ते बरंचसं खपून जायचं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडतो. पाणी पुरेसं तापतच नाही म्हटल्यावर त्याला वाटतं इंजिन आत्ताच चालू झालंय, मग जास्तच सोडत बसतो. ती झडप साधारण ८० अंशांच्या पुढं उघडते. नवीन बसवली, काटा मधोमध आला, भकभक थांबली.

जुळेसोलापूर_बे:
मग मे महिन्यात तापली नाही?

झेनवाला:
नाही. तापायला रेडिएटर चोंदलेला असतो नाहीतर फॅनचा स्विच गेलेला असतो. झडप काढून ते बरं होत नाही. रेडिएटर तेवढा साफ करून घेतला.

रिटायर्ड_वर्कशॉप:
आधी प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेलं, तिथं ट्यूनिंग करून काही होत नाही. मिस मारणारा, म्हणजे पेट न घेणारा सिलिंडर शोधायचा तर इंजेक्शनच्या गाडीत चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढा. ज्याचं काढून आवाज बदलत नाही, तो मेलेला. प्लगची वायर हातानं ओढू नका, झटका बसतो.

उंदीरग्रस्त:
आमच्यात उंदरानं व्हॅक्यूम पाईप कुरतडला होता. उभ्या गाडीत इंजिनचं आयडलिंग वरखाली डुलायचं, बारीक शिट्टी यायची. पाईपवर पाणी मारलं की क्षणभर शिट्टी बंद. तिथंच सापडला.

काकू_नवीपेठ:
उंदरावर उपाय सांगा आधी, आमच्या स्कूटीची सीट खाल्लीय.

उंदीरग्रस्त:
तंबाखूची पुडी ठेवा काकू. आमच्याकडं आता उंदीर नाही, पण दीर रोज बॉनेट उघडतात.

अक्कलकोट_रोड:
इंजिनला शिव्या घालायच्या आधी न्यूट्रलला गाडी ढकलून बघा. आमची ढकलेना. मागचं ब्रेक चिकटलेलं, चाक तापून हात लावू देत नव्हतं. आणि ॲव्हरेज फुल टाकी ते फुल टाकीच मोजा, काट्यावर नको.

सातरस्तावाला:
झेनवाले, ते मिस्त्री आहेत का अजून? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

झेनवाला:
केला. अकराच्या आत जा, नंतर चहाला गेले की तासभर येत नाहीत.