लिनक्स कर्नलने मरताना रजिस्टरं मोजत बसावं की मेमरी कोणाची होती ते सांगावं?

पीथमपूर_बोर्डवाला
भिया लोक, आज जरा भांडायचंय. पीथमपूरला एका कारखान्यात आमचं लिनक्सचं डबडं चालतं, एक्स८६ वालं (इंटेल-एएमडीच्या जातीचा प्रोसेसर), रात्री अडकलं की तिथला ऑपरेटर स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकतो आणि फोटोत काय असतं तर शेवटच्या वीसपंचवीस ओळी, रजिस्टरांतल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतल्या) हेक्सचा सडा नुसता. मुद्द्याची "बग:" वाली ओळ कधीच वर सरकून गेलेली असते. आणि गंमत बघा, एक्स८६ वर रिपोर्ट संपल्याच्या "एंड ट्रेस" ओळीखाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुद्दाम थोडा भाग परत छापतो, वरचं सरकून गेलं तरी काहीतरी हाताला लागावं म्हणून. परत काय छापतो? तीच रजिस्टरं!
आता ५.१२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये मेम-डंप-ऑब्ज नावाचं फंक्शन आहे, त्याला पत्ता दिला की ते सांगतं ही जागा स्लॅबची (कर्नल मेमरीचे छोटे तुकडे वाटतो त्या साठ्याची) आहे का, कुठल्या कॅशची (त्यातल्या एका मापाच्या गटाची), ऑब्जेक्ट (वाटलेला तुकडा) कुठून सुरू होतं, पॉइंटर किती बाइट आत आहे. ३२-बिट आर्म प्रोसेसरवर ऊप्स (कर्नल अडखळल्याचा एरर रिपोर्ट) झाला की प्रत्येक रजिस्टराबद्दल हे छापून येतं, "रजिस्टर आर७ इन्फर्मेशन: स्लॅब केमॅलॉक-६४, पॉइंटर ऑफसेट १६, साइझ ६४" अशा थाटात. ती एक ओळ वाचली की निदान कुठल्या घरात शोधायचं ते तरी कळतं. मग एक्स८६ नं काय घोडं मारलंय? तिथे का नाही?

रामबागवाले_काका
कारण ऊप्स म्हणजे कर्नल आधीच जखमी आहे. मेमरीचीच गडबड झालीये आणि तू त्याच मेमरीच्या वह्या उघडून "ही कोणाची" विचारायला निघालास, आता स्लॅबचं पानच कोणी तुडवून ठेवलं असेल तर? फॉल्ट हँडलरमध्ये दुसरा फॉल्ट, आणि पहिला रिपोर्टही गेला. रजिस्टरं छापायला कोणाला काही विचारावं लागत नाही, जे होतं ते ओतलं, म्हणून तो हेक्सचा सडा आहे.
दुसरं, सिरियल कन्सोल. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, फार तर. ट्रॅकिंग चालू असेल तर प्रत्येक ऑब्जेक्टमागे कोणी घेतली त्याचा ट्रेस, कोणी सोडली त्याचा ट्रेस, हे गुणिले सोळा रजिस्टरं कर. तेवढ्यात हार्डवेअर वॉचडॉगचा (मशीन अडकलं की रीसेट करणारा टायमर) संयम संपला की बोर्ड रीसेट, मग बस फोटो काढत.

पीथमपूर_बोर्डवाला
काका, कच्चं आधी छापा, नंतर अक्कल चालवा, एवढंच म्हणतोय. दुसरा फॉल्ट आला तरी पहिलं छापून झालेलं असेल ना. आर्मवाले २०२१ पासून हेच करतायत, त्यांची काय दुनिया बुडाली?

पलासियाचा_नवा
एक बेसिक प्रश्न, कासान (कर्नलमधलं मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू केलं की हे सगळं मिळतंच ना? कोणी अलोकेट केली, कोणी फ्री केली, पत्त्याच्या आजूबाजूच्या मेमरीचा नकाशा, आणि बाणासारखी खूण करून नेमका बाइट सुद्धा. मग ऊप्स कशाला सजवायचा?

टिळकनगरची_ताई
अरे ते ऑफिसातल्या टेस्ट मशीनवर. कासानला दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो (हिशेब ठेवायची जागा) लागतो, म्हणजे रॅमचा आठवा हिस्सा आधीच गेला, वर फ्री झालेली ऑब्जेक्टं काही काळ क्वारंटाइनमध्ये अडकवून ठेवतो, आणि वेग इतका पडतो की कारखान्यात लावलंस तर लाइनवरचा माणूस तुला शोधत येईल. साइटवर ठेवायचं तर केफेन्स, कासानचा हलका भाऊ, तेही ५.१२ मध्येच आलं. डिफॉल्टला दर १०० मिलिसेकंदाला एखादं अलोकेशन उचलून पहाऱ्यात ठेवतं, २५५ ऑब्जेक्टं, सगळं मिळून साधारण २ एमबी. स्वस्त आहे पण नशिबाचा खेळ, हजारो मशीनं असतील तर कुठेतरी सापडतंच, ह्याच्याकडे एक मशीन आणि एक हट्टी बग आहे, त्याला काय सापडणार कप्पाळ.
पण बोर्डवाल्या, तुझ्या मागणीत एक भोक आहे. "कोणी फ्री केली" हे कर्नलला आपोआप माहीत नसतं रे. बूट पॅरामीटरमध्ये स्लब डीबगचं (स्लॅबच्या तपासणीचं) यू हे अक्षर दिलं असेल तरच ते नोंदतो. ते नसेल तर तुला फक्त कॅशचं नाव आणि ऑफसेट, आणि केमॅलॉक-६४ मधून अर्धा कर्नल मेमरी घेतो.

पीथमपूर_बोर्डवाला
ताई तेवढंही चालेल. साइझ ६४ आणि ऑफसेट १६ कळलं की आमच्या ड्रायव्हरमधली त्या मापाची स्ट्रक्चरं हाताच्या बोटांवर मोजता येतात. आत्ता शून्य कळतं. आणि पॉयझनचं काय? स्लब डीबगचं पी चालू असेल तर सोडलेल्या जागेत ६बी ६बी ६बी भरतात, पत्त्यात ते दिसलं तर कर्नलनेच म्हणावं ना की बाबा ही बहुतेक फ्री केलेली मेमरी आहे. जुन्या लोकांना तोंडपाठ असतं, ऑपरेटर सोडा, आमच्या नव्या पोरांनाही कळत नाही.

रामबागवाले_काका
"बहुतेक" ह्या शब्दालाच माझा विरोध आहे. पत्ता सहसा अख्खा ६बी येतच नाही, स्ट्रक्चरमधलं फील्ड १६ बाइट आत असेल तर शेवट ७बी होतो. मग तू थोडी ढील देणार, आणखी मोठी स्ट्रक्चरं आली की आणखी ढील, आणि एक दिवस भलत्याच आकड्याला कर्नल छातीठोक सांगणार "यूज आफ्टर फ्री" (सोडलेली मेमरी वापरली) आणि कोणीतरी आठवडाभर चुकीच्या ड्रायव्हरमागे लागणार. आकडा खोटं बोलत नाही. वाचायला शिका.

टिळकनगरची_ताई
काका हे जरा जास्त झालं. कर्नल आत्ताच "बहुतेक" म्हणतो! एक्स८६ वर नॉन-कॅनॉनिकल (प्रोसेसरच्या नियमात न बसणाऱ्या) पत्त्याला हात लावला तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, त्यात सीपीयू पत्ता देतच नाही, तर ५.६ पासून कर्नल ती इन्स्ट्रक्शन स्वतः डिकोड करून पत्ता काढतो आणि "प्रॉबेब्ली फॉर नॉन-कॅनॉनिकल ॲड्रेस" असं लिहितो. ६४-बिटवर तुमचा ६बी ६बी वाला पत्ता नेमका ह्याच रस्त्याने येतो. त्या "प्रॉबेब्ली"मुळे कोणाचा आठवडा गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.
माझी भीती वेगळी आहे, पत्ते लीक होण्याची. ४.१५ पासून साध्या पर्सेंट-पी ने (पॉइंटर छापायची खूण) पॉइंटर हॅश होऊन, म्हणजे खरा पत्ता लपवून, छापतात, उगाच नाही. तुम्ही लॉगमध्ये "ही जागा अमुक कॅशची, ऑब्जेक्ट इथून सुरू" असं लेबल लावून कच्चा पत्ता दिलात तर हल्ला करणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

पीथमपूर_बोर्डवाला
पण ऊप्समध्ये रजिस्टरं कच्चीच छापतात की, हॅश कुठेय? जो लॉग वाचू शकतो त्याला पत्ते आत्ताही मिळतायत.

टिळकनगरची_ताई
कच्चा आकडा आणि लेबल लावलेला आकडा ह्यात फरक आहे. सोळा आकड्यांत हीपचा कुठला, स्टॅकचा कुठला, हे त्याला आत्ता ओळखावं लागतं. कॅशचं नाव आणि ऑफसेट छाप, ऑब्जेक्टचा सुरुवातीचा पत्ता गाळ, मग माझी हरकत नाही. डीमेसेग-रिस्ट्रिक्ट (साध्या युजरला कर्नलचा लॉग न दाखवणारी सेटिंग) चालू ठेव हे तर आहेच, वर तो फोटो व्हॉट्सॅपवर फिरतो त्याचं काय करायचं ते तूच बघ.

पलासियाचा_नवा
कन्फिग ऑप्शन करून टाका की, ज्याला हवं तो चालू करेल.

रामबागवाले_काका
म्हणजे बंदच राहणार. ज्या मशीनवर बग येतो त्यावर डीबगचा ऑप्शन कधी चालू असतो का रे? हे मी विरोधात असून सांगतोय. करायचं तर सगळ्यांसाठी करा आणि एवढंसं करा की कन्फिगची गरजच पडू नये.

पीथमपूर_बोर्डवाला
चला मग एवढंसं. सोळा रजिस्टरं नकोत. ज्या रजिस्टरातून तो पत्ता निघाला तेवढं एकच, आणि ती ओळ एंड ट्रेसच्या खाली, जिथे फोटोत येते तिथे. ताई म्हणते तसा पत्ता गाळून, नुसतं कॅश आणि ऑफसेट. एक ओळ, सिरियलवरही शंभरएक अक्षरं फक्त.

रामबागवाले_काका
आणि कुठल्या रजिस्टरातून निघाला हे कोण सांगणार तुला? पेज फॉल्टमध्ये सीआर२ रजिस्टरात शेवटी तयार झालेला पत्ता मिळतो, बेस कुठला होता ते नाही.

पीथमपूर_बोर्डवाला
ताईने सांगितला तो इन्स्ट्रक्शन डिकोडर आहे ना, जनरल प्रोटेक्शन फॉल्टला चालतो तर इथेही चालेल.

रामबागवाले_काका
म्हणजे आता पेज फॉल्टच्या ऊप्समध्येही डिकोडर घुसवायचा, एका ओळीसाठी. पॅच पाठव तू, मला सीसीत ठेव, तिथे नाही म्हणतो.