जंगलातल्या मातीत मिळालेला सूत्रकृमी (नेमाटोड, धाग्यासारखा सूक्ष्म किडा) नवी प्रजाती आहे, हे कसं ठरवायचं?

रानमाती: १५ सेंमी खोलीपर्यंतच्या मातीत मेणपतंगाच्या अळ्या ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी त्या मेल्या. रंग पिवळट तपकिरी, कुजका वास नाही. बाराव्या दिवशी व्हाइट ट्रॅपच्या (मेलेल्या अळीतून निघणारे सूत्रकृमी पाण्यात गोळा करायची डिश) पाण्यात सूत्रकृमीची पिल्लं उतरली. आयटीएस (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा एक भाग) क्रम सर्वात जवळच्या स्टाइनरनेमाशी (कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींचा एक गट) ९४ टक्के जुळतो. एवढ्यावर नवी प्रजाती म्हणावं का?

सूक्ष्मदर्शी: नाही, अजून नको. रंग आणि वास स्टाइनरनेमाला शोभतात. हेटेरोरॅब्डिटिस हा कीटक मारणारा दुसरा गट असता तर अळी विटकरी लाल झाली असती. पण अळीतून जो सूत्रकृमी निघतो, तोच तिचा मारेकरी असतो असं नाही. ओशियससारखे जिवाणूंवर जगणारे सूत्रकृमी मेलेल्या अळीत वाढून ट्रॅपवर येतात.

म्हणून आधी पुन्हा संसर्ग करून बघा. ९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर १० ताज्या अळ्या, अळीमागे ५० ते १०० पिल्लं, २५ अंश, अंधार. शेजारी तुलनेसाठी तशाच अळ्यांची, पण पिल्लांऐवजी नुसतं पाणी घातलेली डिश हवीच. कागद ओला असावा, पण पाणी साचू देऊ नका. अळ्या बुडून मेल्या की निकाल फसवा येतो. असे तीन फेरे करा आणि दर वेळी एकाच अळीची पिल्लं पुढे न्या. एका पिल्लापासून वंश सुरू करायचा मोह टाळा, कारण स्टाइनरनेमाला बहुधा नर-मादी दोन्ही लागतात.

काचपट्टी: मोजमापातली नेहमीची चूक सांगतो. ट्रॅपवर उशिरा उतरलेली पिल्लं आखूड असतात, कारण तोवर अळीतलं अन्न संपत आलेलं असतं. पहिल्या काही दिवसांतलीच घ्या. पहिल्या पिढीचे प्रौढ संसर्गानंतर तीन-चार दिवसांनी अळी फोडून मिळतात. किमान २० नर, २० माद्या, २० पिल्लं मोजा. गरम द्रावणात मारा, थंडात ते वेडेवाकडे आखडतात. ग्लिसरीनमध्ये घाईने नेलं तर चपटे होतात आणि मापं वाया जातात. नराच्या स्पिक्यूलचा (समागमाचा काट्यासारखा अवयव) आकार, पिल्लाची शेपटी आणि डोक्यापासून उत्सर्जन छिद्राचं अंतर यांवर जास्त वेळ द्या.

रानमाती: दोन्ही एकच प्रजाती आहेत का हे बघायला जवळच्या प्रजातीशी संकर कसा करायचा?

सूक्ष्मदर्शी: अळीच्या रक्ताच्या थेंबात एकेक पिल्लू वाढवा. रक्त काळं पडू नये म्हणून फिनाइलथायोयुरिया या रसायनाचा कण टाका. नर-मादी ओळखू आले की जोड्या लावा, दोन्ही दिशांनी. शेजारी त्याच प्रजातीची जोडी आणि एकटी मादीही ठेवा. त्याच प्रजातीच्या जोडीला पिल्लं झाली नाहीत, तर बाकीच्या थेंबांचा निकाल धरू नका. एकट्या मादीला झाली, तर ती उभयलिंगी आहे.

आयटीएसच्या प्रती एकाच जीवातही थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून २८एसचा डी२-डी३ भाग आणि सीओआय या डीएनएच्या आणखी दोन भागांचेही क्रम काढा. नमुनाप्रत (जिच्यावरून प्रजातीचं वर्णन केलं तो जीव) संग्रहालयात जमा करा. वर्णन फक्त ऑनलाइन छापणार असाल, तर झूबँक (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणीशिवाय नाव ग्राह्य धरलं जात नाही. हा नियम २०१२ पासूनच्या प्रकाशनांना लागू आहे.