जॅझ डान्सचा पहिला वर्ग: कोण कोण पडलं, कोण कोण टिकलं?

दोन_डावे_पाय:
काल माळा आवरताना एका पिशवीत काळे बूट सापडले. मऊ चामड्याचे, घडी घालून खिशात मावतील असे. नवरा म्हणाला, "हे कुठल्या पोराचे?" अहो, माझे!
तेव्हा चाळिशीला टेकले होते, पाठ सतत धरलेली, जिमचे पैसे दोनदा बुडवून झालेले. मैत्रीण म्हणाली, बिगिनर जॅझ आहे, चल. मला वाटलं बसून ट्रम्पेट ऐकायचं असेल. गेले तर पहिली वीस मिनिटं नुसतं अंग सुटं करणं. मान हलवायची, खांदे नाही. मग खांदे, पण बरगड्या नाही. मग बरगड्या उजवीकडे आणि कंबर जागच्या जागी. याला आयसोलेशन म्हणतात म्हणे. माझ्या बरगड्या स्वतंत्रपणे कुठे जाऊ शकतात हे एकोणचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.
मग बाई ओरडल्या "फाइव्ह सिक्स सेव्हन एट", सगळा वर्ग उजवीकडे आणि मी डावीकडे. एका काकांवर आदळले. आमचं सॉरी-सॉरी होईपर्यंत बाकीचे जाऊन परतसुद्धा आले.
तरी नऊ महिने जात राहिले. एका रात्री ओट्याशी भांडी पुसत होते, बघते तर पाय आपले आपण जॅझ स्क्वेअर काढतायत. चार पावलांचा चौकोन, वर्गात दोन महिने न जमलेला.
तुमचं सांगा. पडलेलं, टिकलेलं, सगळं.

मागची_रांग:
मागची रांग झिंदाबाद! पण एक घोळ आहे. पिव्होट टर्न घेऊन अख्खा वर्ग मागे वळला की आपण सगळ्यात पुढे. समोर फक्त भिंत. कॉपी कुणाची करणार?

दोन_डावे_पाय:
अगदी अगदी!! मी तेव्हा बुटाची नाडी बांधायला खाली बसायचे.

गुडघा_बोलतो:
फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला. धावायचे बूट घालून जाऊ नका. मी गेलो. रबरी तळ जमिनीला चिकटला, पाऊल तिथेच आणि मी वळून पुढे. गुडघा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन आठवडे घरी. वर जे बूट सापडलेत त्यांचा तळ दोन तुकड्यांत असतो बघा, मध्ये मोकळा, म्हणून पाऊल नीट वाकतं. आणि प्लीए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवायचा, आत पडू द्यायचा नाही. हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी घड्याळ बघत होतो.

घसरगुंडी:
मी नुसत्या मोज्यांवर गेले होते. वळले ती थेट कोपऱ्यातल्या स्पीकरला मिठी. गाणं बंद पडलं.

ताल_चुकला:
ते किक बॉल चेंज कुणाला कळलंय का? मला आजतागायत नाही.

आठवा_ठोका:
हालचाली तीन, ठोके दोन. "वन अँड टू" असं मोजा. वनला पाय पुढे झटका, अँडला तोच पाय मागे घेऊन चवड्यावर क्षणभर वजन, टूला दुसऱ्या पायावर परत. सगळी गंमत त्या "अँड"मध्ये आहे. जॅझचा जोर बरेचदा असाच दोन ठोक्यांच्या फटीत पडतो, म्हणून आपण एक-दोन-तीन-चार मोजत बसलो की कवायत होते.

ताल_चुकला:
स्क्रीनशॉट काढला. रात्री करून बघते, खालच्या मजल्यावरच्यांनी क्षमा करावी.

पाय_उघडेच:
मी लहानपणी सहा वर्षं भरतनाट्यम केलेलं, म्हणून ऐटीत गेले. पाय बसल्या जागी बाहेर वळायचे आणि इथे "पॅरलल, पॅरलल!" महिनाभर तेवढंच ऐकलं. मग कळलं की जॅक कोल (१९११–७४), ज्याला नाट्य-जॅझचा जनक म्हणतात, तो स्वतः भरतनाट्यम शिकला होता आणि त्या हालचाली त्याने स्विंगच्या, म्हणजे जॅझ संगीताच्या एका प्रकाराच्या, तालावर बसवल्या. हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, आता पाय पॅरलल.

मागची_रांग:
हाहाहा

हळूहळू_चालू:
वाचून जाणार होते, पण लिहिते. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. फिजिओथेरपी संपली, पण अंगावर विश्वास उरला नव्हता. वाकायचं म्हटलं की आधी मन वाकायला नको म्हणायचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वर्गाला गेले, उड्या आणि लाथा वगळून. आमच्याकडे वॉर्मअप लुईजींच्या पद्धतीचा होता. हा नर्तक १९४६ मध्ये मोटार अपघातात सापडला, शरीराची एक बाजू लुळी पडली. त्याने स्वतःला परत उभं करायला जे व्यायाम रचले, त्यांचंच पुढे जॅझचं तंत्र झालं. समोर दांडा आहे असं समजून हात हवेतच खाली दाबायचे आणि त्या आधारावर तोल सांभाळायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा हसू आलं. तिसऱ्या आठवड्यात तो नसलेला दांडा मला खरंच हाताला लागला. मागच्या रांगेत डोळे पुसले, घाम म्हणून खपलं.

दोन_डावे_पाय:
हे वाचून थांबले जरा. लिहिलंत ते बरं केलंत.

आरसा_नको:
वजन उतरतं का यात? आणि जॅझरसाइझ म्हणजे हेच का? घाईत विचारतेय, मशीन संपत आलंय.

आठवा_ठोका:
हे जॅझ म्हणजे जॅझरसाइझची आई म्हणा. जुडी शेपर्ड मिसेट जॅझ शिकवायच्या. बायकांना नर्तकी व्हायचं नाहीये, नुसतं अंग हलवायचंय, हे त्यांना उमगलं. मग पावलं सोपी केली आणि सगळ्यांना आरशाकडे पाठ करून उभं केलं. त्यातूनच जॅझरसाइझ झालं, १९६९ ची गोष्ट. तुमचं नाव बघून आठवलं.

आरसा_नको:
या बाई माझ्या देव आहेत.

गुडघा_बोलतो:
वजनाचं मला विचारू नका. पण जिना चढताना आता बोलता येतं. बायको म्हणते, आधीचंच बरं होतं.

सोडून_दिलं:
मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं. मजा म्हणून गेलो आणि तिथे कार्यक्रमाची तयारी सुरू, टोपी, हातमोजे, पहिल्या रांगेसाठी रुसवेफुगवे. मी टोपी फेकली ती परत झेलताच आली नाही. पाठमोरा उभा राहिलो, लोकांना वाटलं बसवलेलंच आहे.

मागची_रांग:
@दोन_डावे_पाय, त्या काकांचं काय झालं पुढे?

दोन_डावे_पाय:
अजून जातात! काल फोन केला. म्हणाले, सोमवारी या, डावीकडची जागा मोकळीच असते. पण ते बूट आता मला होत नाहीत, बोटं दुमडतात.

ताल_चुकला:
माप काय? माझं पाच.

दोन_डावे_पाय:
पाचच. एक नाडी नाहीये.

ताल_चुकला:
नाडी आहे माझ्याकडे. पांढरी चालेल ना?