शब्दचर्चा: 'अनअटॅच्ड' फाइल म्हणजे न वापरलेली फाइल का?

काना_मात्रा:
वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीची मीडिया लायब्ररी (साइटवर चढवलेल्या फाइलींचा साठा) कशी वापरावी, यावर संपादकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करतोय. तिथल्या गाळणीतल्या (फिल्टरमधल्या) 'अनअटॅच्ड' या पर्यायाला 'न वापरलेल्या फाइली' असं सुटसुटीत लिहिलं तर चालेल का? 'ऑल्ट टेक्स्ट', 'कॅप्शन', 'थंबनेल' आणि 'फुल साइज' यांनाही शब्द हवेत.

खटपट्या:
'न वापरलेल्या' मुळीच नको. हे वाचून कुणीतरी साफसफाईला बसेल आणि चालू पानांवरची चित्रं उडतील.

लेख लिहिताना त्याच खिडकीतून फाइल चढवली, तर वर्डप्रेस त्या लेखाला तिचा 'पालक' म्हणून नोंदवतं. थेट लायब्ररीत चढवली तर पालकाच्या रकान्यात शून्य. नंतर ती साइटचा लोगो म्हणून लावली, तरी हे शून्य बदलत नाही. उलटही होतं. लेखातून चित्र काढून टाकलं तरी फाइल त्या लेखाला जोडलेलीच दिसते. शिवाय पालक एकच असतो, मग चित्र दहा लेखांत का असेना. 'कुठून आली' याची ही नोंद आहे, 'कुठे वापरली' याची नव्हे. म्हणून 'लेखाशी न जोडलेल्या' असं लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

शुद्धमती:
'असंलग्न' का नको? एका शब्दात काम होतं.

खटपट्या:
अर्थाने बरोबर, पण पडद्यावर वाचणारा अडखळेल. कोणताही शब्द घ्या, खाली एक ओळ मात्र हवीच: 'ही फाइल वापरात असू शकते.' मीडियासाठी कचरापेटीची सोय मुळात बंद असते, ती कॉन्फिग फाइलमधून मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे 'डिलीट'ला 'काढा' म्हणू नका. 'काढा' हे लेखातून चित्र काढण्यासाठी राखून ठेवा, आणि लायब्ररीत 'कायमचे हटवा' लिहा. तिथे मूळ फाइलीबरोबर तिच्या सगळ्या लहान आवृत्त्याही सर्व्हरवरून जातात.

काना_मात्रा:
मग हटवण्याआधी खात्री कशी करायची?

खटपट्या:
फाइलच्या नावाला शेवटी जोडलेले लांबी-रुंदीचे आकडे वगळून उरलेलं नाव लेखांच्या आणि पानांच्या यादीत शोधा. मजकुरात घातलेलं चित्र सापडतं. फीचर्ड इमेज (लेखाचं मुख्य चित्र) सापडत नाही, कारण तिचा फक्त क्रमांक डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात असतो. जुन्या शॉर्टकोडच्या (चौकटी कंसातल्या छोट्या आज्ञेच्या) गॅलरीतही नुसते क्रमांक असतात, नावं नाहीत. थीमच्या सीएसएसमध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत) चित्राचा पत्ता लिहिलेला असेल तर तोही या शोधात येत नाही. आणि हटवण्याआधी डेटाबेसबरोबर अपलोड्स फोल्डरचाही बॅकअप घ्या. नुसत्या डेटाबेसच्या बॅकअपमधून चित्रं परत येत नाहीत.

तळटीप:
कॅप्शनला वृत्तपत्रांतला 'फोटोओळ' हा शब्द तयार आहे, तोच घ्यावा. ती वाचकाला चित्राखाली दिसते. ऑल्ट टेक्स्टला 'पर्यायी मजकूर' म्हणा. तो स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलणारं सॉफ्टवेअर) वाचून दाखवतो, आणि चित्र उघडलं नाही तर त्या जागी दिसतो. दोन्हींत एकच वाक्य डकवलं तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तेच दोनदा ऐकावं लागतं. निव्वळ सजावटीच्या चित्राला पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा.

एक खाचखळगा पत्रकात नक्की लिहा. चित्र लेखात घालतानाच पर्यायी मजकुराची प्रत लेखात उतरते. नंतर लायब्ररीत दुरुस्ती केली तर आधीच्या लेखांत जुनाच मजकूर राहतो. फीचर्ड इमेजचा मात्र लायब्ररीतून ताजा येतो.

शुद्धमती:
थंबनेलला 'लघुचित्र' म्हणायला हरकत नसावी.

तळटीप:
शब्द चांगला आहे, पण त्यातून नुसतं 'लहान केलेलं' एवढंच कळतं. वर्डप्रेसचं थंबनेल मुळात १५० बाय १५० पिक्सेलचं, मधोमध कातरलेलं असतं. उभ्या फोटोत डोकी कापली जातात ती यामुळेच. मध्यम (३००) आणि मोठा (१०२४) हे आकार न कातरता, प्रमाणात लहान केलेले असतात. तेव्हा 'कातरणे' आणि 'लहान करणे' ही क्रियापदं काटेकोरपणे वेगळी ठेवा. सेटिंगमधले आकडे बदलले तर ते पुढे चढवलेल्या चित्रांनाच लागू होतात. जुन्यांच्या आवृत्त्या पुन्हा तयार कराव्या लागतात.

काना_मात्रा:
आणि 'फुल साइज' म्हणजे 'मूळ फाइल' ना?

खटपट्या:
२०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून नेहमीच नाही. जेपीजी चित्राची कुठलीही बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर तेवढ्यात बसणारी प्रत तयार होते, तिच्या नावाच्या शेवटी 'स्केल्ड' लागतं आणि तीच 'फुल साइज' ठरते. मूळ फाइल सर्व्हरवर जागा अडवून बसलेली असतेच. त्यामुळे 'पूर्ण आकार' लिहा, 'मूळ' नको. छपाईसाठी फाइल मागणाऱ्याला पूर्ण आकाराचा दुवा पाठवला तर त्याच्या हाती लहान केलेली प्रत पडेल.