जुन्या पिकअपचे मीटर पॅनल बदलले, पण एकही काटा खरे दाखवत नाही

जुना_पिकअप

नमस्कार. माझ्याकडे 1992 सालचा, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा पिकअप आहे आणि त्याचे स्पीडोमीटर केबलवर चालते. मूळ पॅनलमध्ये आरपीएम मीटर नव्हते, शिवाय मागच्या बाजूची तांब्याच्या पट्ट्यांची लवचीक फिल्म दोन ठिकाणी जळून गेली होती. म्हणून त्याच कंपनीच्या सहा सिलिंडरच्या, थोड्या नंतरच्या मॉडेलचे वापरलेले पॅनल आणून बसवले. स्क्रूची भोके आणि कनेक्टर तंतोतंत जुळले. डायलवर धुळीचा थर होता, म्हणून स्पीडोमीटरचा काटा उपसून डायल पुसला आणि काटा शून्याजवळच्या खुंटीला टेकवून परत दाबून बसवला.

आता अडचणी अशा आहेत. मोबाइलच्या जीपीएसवर वेग 60 असताना मीटर 66 दाखवते. टाकी काठोकाठ भरली की इंधनाचा काटा रिकाम्याच्याही खाली जातो. हेडलाइट लावले की तापमानाचा आणि इंधनाचा असे दोन्ही काटे जागचे हलतात. इंजिन न्यूट्रलमध्ये 800 फेऱ्यांवर चालू असताना आरपीएम मीटर साधारण 530 दाखवते. पॅनलमधले सगळे बल्ब काढून मी एलईडी बसवले आहेत आणि तेव्हापासून गाडी चालू केल्यावर एकदा जोरात रेस दिल्याशिवाय बॅटरी चार्ज होत नाही. नव्या पॅनलवर 1,84,000 किलोमीटर आहेत, तर माझी गाडी 2,31,000 चालली आहे. काटे हाताने सरकवून सगळे जुळवून घ्यावे का, की यामागे आणखी काही आहे?

काटेकोर

काटे हाताने सरकवू नका, निदान आत्ता तरी. चूक काट्यात आहे, गिअरच्या प्रमाणात आहे, सेन्सरमध्ये आहे की अर्थिंगमध्ये, हे ठरण्याआधी काटा सरकवला तर ती चूक झाकली जाते आणि पुढे तिचा माग काढणे फार अवघड होते.

स्पीडोमीटरपासून सुरुवात करू. केबलच्या मीटरमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच दांडीवर चालतात. किलोमीटरचे आकडे निव्वळ दातेरी चाकांनी फिरतात, त्यामुळे त्यांची चूक फक्त प्रमाणाची असू शकते. वेगाचा काटा मात्र दातांनी फिरत नाही. केबलमुळे एक चुंबक फिरते, त्याभोवतालच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरप्रवाह निर्माण होऊन ती वाटी चुंबकाबरोबर ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. म्हणून आधी दोन गोष्टी मोजा. एक म्हणजे रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांनुसार सलग 20 किलोमीटर जा आणि आकडे किती पुढे सरकले ते लिहून ठेवा. दुसरी म्हणजे जीपीएसवर 40, 60 आणि 80 असे स्थिर वेग ठेवून प्रत्येक वेळी मीटरचा आकडा टिपा. टिपण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्या.

फरक टक्केवारीने वाढत गेला, म्हणजे 44, 66, 88 असा आला आणि किलोमीटरही त्याच प्रमाणात जास्त भरले, तर दोष टायरच्या मापात किंवा गिअरबॉक्समधल्या केबलच्या छोट्या गिअरमध्ये आहे. टायरचा परिणाम किती होतो याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: 225/70 आर15 टायरचा व्यास 696 मिलिमीटर असतो आणि 235/75 आर15 चा 733.5, म्हणजे नुसत्या टायर बदलण्याने वेगात सुमारे 5.4 टक्के फरक पडतो. केबलच्या गिअरचे दात काढायचे असतील, तर सध्याच्या दातांना मीटरवरच्या वेगाने गुणून खऱ्या वेगाने भागावे. 20 दातांचा गिअर असेल आणि 60 ला 66 दिसत असेल, तर 22 दातांचा लागेल. पण फरक सगळीकडे सारखाच निघाला, तर गिअरला हात लावण्याचे कारण नाही. तुम्ही काटा काढला होता हे वाचल्यापासून माझा संशय तिकडेच आहे.

वायरिंग_आणि_अर्थ

माझे वायरिंगपुरते उत्तर देतो. हेडलाइट लावल्यावर ज्यांचा हेडलाइटशी काहीही संबंध नाही असे दोन काटे एकदम हलतात, हे पॅनलचे अर्थिंग कच्चे असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे पॅनलच्या अर्थच्या पट्टीला लावा, आणि सगळे दिवे लावून वाचन घ्या. ते 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आले, तर पॅनलपासून डॅशबोर्डच्या उघड्या लोखंडापर्यंत वेगळी वायर टाका. हे झाल्याशिवाय इंधन आणि तापमान यांचे कोणतेही वाचन खरे धरू नका.

चार्जिंगच्या दिव्याच्या जागी मात्र मूळ वॅटचा साधा बल्बच परत बसवा. तो दिवा केवळ इशाऱ्यासाठी नसतो. गाडी चालू होताना त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, पहिले चुंबकत्व निर्माण करतो. एलईडीमधून तेवढा प्रवाह जात नाही, म्हणून रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर अल्टरनेटर जागा होतो. बाकीच्या दिव्यांना एलईडी चालतील.

आरपीएम मीटर बिघडलेले नाही. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात एका फेरीला तीन ठिणग्या पडतात, तुमच्या इंजिनात दोन पडतात. 800 चे दोन तृतीयांश म्हणजे 533, आणि तेच तुम्हाला दिसते आहे. मीटरच्या पाठीवर 4, 6, 8 असा निवडीचा स्विच किंवा स्क्रूने फिरणारे छोटे प्रिसेट (वाचन जुळवण्याचा रोध) आहे का ते पाहा. दोन्ही नसतील, तर कॉइलकडून येणाऱ्या संकेताचे प्रमाण बदलणारे कन्व्हर्टर मध्ये जोडावे लागेल.

आणखी एक विनंती आहे. कनेक्टर जुळला म्हणजे पिना जुळल्या असे नाही. दोन्ही मॉडेलांचे वायरिंगचे नकाशे शेजारी ठेवून एकेक पिन तपासा. पातीचे जुने मीटर (ज्यात दोन धातूंची पाती तापून वाकते आणि काटा हलवते) मधल्या रेग्युलेटरमुळे सरासरी 5 व्होल्टवर चालते. त्याला थेट 12 व्होल्ट मिळाले तर ते जळते.

जुना_पिकअप

दोघांचे मनापासून आभार. पिना तपासल्या, त्या सारख्याच आहेत. दिवे लावून अर्थचे वाचन 0.6 व्होल्ट आले. नवी वायर टाकल्यावर ते 0.03 झाले आणि काटे हलायचे थांबले. चार्जिंगच्या जागी साधा बल्ब लावला, आता पहिल्याच स्टार्टला चार्जिंग होते. आरपीएम मीटरच्या पाठीवर प्रिसेट सापडले.

20 किलोमीटरला आकडे 20.1 ने पुढे गेले. वेगाची वाचने 40 ला 46, 60 ला 66 आणि 80 ला 86 अशी आहेत. इंधनाच्या फ्लोटचा (टाकीत तरंगून पातळी सांगणाऱ्या सेन्सरचा) रोध टाकी भरलेली असताना 11 ओहम आहे आणि फ्लोट हाताने खाली सोडल्यावर 73 ओहम.

काटेकोर

म्हणजे गिअर आणि टायर दोन्ही निर्दोष आहेत आणि काटा त्याच्या दांडीवर सहा किलोमीटरने पुढे बसला आहे. कारण सांगतो. अशा मीटरमध्ये काट्याची मोकळी विश्रांतीची जागा खुंटीच्या थोडी खाली असते आणि कारखान्यात काटा उचलून खुंटीच्या वर टेकवलेला असतो, म्हणजे थांबलेल्या गाडीतही स्प्रिंगला किंचित ताण राहतो. तुम्ही ताण नसलेल्या दांडीवर काटा खुंटीपाशी बसवला, त्यामुळे तेवढा कोन प्रत्येक वेगाला जास्त दिसतो.

काटा शून्यावर जुळवण्यापेक्षा चालत्या मीटरवर जुळवावा, कारण तुम्हाला खरा हवा आहे तो मधला वेग. मीटरच्या डायलवर किंवा पाठीवर एका किलोमीटरला केबलच्या किती फेऱ्या लागतात तो आकडा बहुधा छापलेला असतो. जपानी मानकाच्या मीटरना 637 फेऱ्या लागतात. मैलाला 1000 फेऱ्यांच्या अमेरिकन मापाचे मीटर असेल, तर किलोमीटरला सुमारे 621 होतात. 60 च्या वेगाला मिनिटाला एक किलोमीटर होतो, त्यामुळे हाच आकडा 60 साठी मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा ठरतो. वेग कमीजास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये केबलच्या आतल्या तारेचा तुकडा धरा, गाडी पुढे जाताना केबल ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने मीटर फिरवा, फेऱ्या प्रकाशावर चालणाऱ्या आरपीएम मोजणीयंत्राने मोजा आणि स्थिर झाल्यावर काटा 60 वर हलकेच टेकवा. मीटर थांबवून मगच काटा पक्का दाबा. काढताना डायलवर जाड पुठ्ठा ठेवून दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा उचला. एका बाजूने ओढला तर दांडी वाकते आणि मग मीटर कधीच सरळ येत नाही.

इंधनाचे दुखणे वेगळे आहे. तुमचा फ्लोट भरलेल्या टाकीला कमी रोध देतो, आणि नव्या पॅनलचे मीटर त्याच्या उलट, भरलेल्या टाकीला जास्त रोध अपेक्षित असलेले दिसते. काही कंपन्यांनी मध्येच ही पद्धत उलटवली; फोर्डच्या जुन्या पिकअपमध्ये रिकाम्या टाकीला सुमारे 73 आणि भरलेल्या टाकीला 10 ओहम असत, 1987 पासून ते 16 आणि 158 झाले. मीटर आणि फ्लोट ही जोडी आहे, ती फोडून काटा सरकवण्याने काही साधत नाही. तुमच्या जुन्या पॅनलमधले इंधनाचे मीटर काढून नव्या चौकटीत बसवा. मग फ्लोटच्या जागी 73 आणि 10 ओहमचे रोध एकेक करून जोडा आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटे थांबा, कारण पातीचा काटा तापायला वेळ घेतो. थोडा फरक उरलाच, तर मीटरच्या पाठीवरच्या दोन छोट्या भोकांतल्या दातेरी पट्ट्या सरकवून तो काढता येतो.

आकड्यांचे काम पॅनल उघडे असतानाच करा. किलोमीटर 2,31,000 वर आणा, आणि काम झाल्याची तारीख, नव्या पॅनलचा मूळ आकडा व जुन्याचा शेवटचा आकडा गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. ड्रिलने फिरवताना वाढलेले किलोमीटरही त्यात धरा. आकडा कमी ठेवून गाडी विकणे ही पुढच्या मालकाची फसवणूक आहे आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे.

जुना_पिकअप

पाठीवर 637 होते. ड्रिलवर काटा 60 ला बसवला. आता जीपीएसच्या 40, 60 आणि 80 ला मीटर 40, 60 आणि 81 दाखवते. जुने इंधन मीटर नव्या चौकटीत नीट बसले. 10 ओहमला काटा पूर्णच्या रेषेवर येतो, 73 ला रिकाम्याच्या रेषेपासून एक काडीभर वर राहतो.

काटेकोर

80 ला 81 हे योग्यच आहे, त्याला हात लावू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 नुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्तीची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर इतकी आहे. इंधनाची ती काडी मात्र काढून टाका. रिकामी टाकी असताना काटा वर दिसला, तर गाडी रस्त्यात बंद पडते. दातेरी पट्टी एकेका दाताने सरकवा आणि दर वेळी पुन्हा 10 ओहम लावून पूर्णची रेषा हलली नाही ना, ते पाहा.