मोठी कंपनी आणा, पण पर्मनंट किती ते आधी लिहून घ्या

खेडचा फिटर

सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प तळेगावला येता येता गुजरातला गेला. तेव्हापासून आमच्याकडे दर निवडणुकीत तेच भांडण. आघाडीवाले म्हणतात, तुम्ही घालवला. महायुतीवाले म्हणतात, तुम्हीच वेळ काढलात. 1.54 लाख कोटींची गुंतवणूक आणि एक लाख रोजगार, हे आकडे पोराटोरांनाही पाठ झालेत. पुढे 10 जुलै 2023 ला फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं, म्हणजे तो प्रकल्प तळेगावलाही झाला नाही आणि गुजरातमधल्या धोलेऱ्यालाही नाही. त्याआधी 2015 मध्ये याच फॉक्सकॉनने महाराष्ट्राशी सामंजस्य करार केला होता, 50 हजार नोकऱ्यांचा. तो बारगळल्याचं 2020 मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगून टाकलं.

दोन्ही बाजूंना माझा प्रश्न एकच आहे. या एक लाखात पर्मनंट किती होते? कुणी विचारलं होतं का?

माझा भाचा आयटीआय फिटर. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत (नाव घेत नाही) चार वर्षं एकाच लाइनवर उभा आहे. घरी एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे सहा गेटपास आहेत. फोटो तोच, गेट तेच, मशीनही तेच. ठेकेदाराचं नाव मात्र प्रत्येक पासवर वेगळं. पहिल्या पासवर ‘ट्रेनी’ लिहिलंय. सात महिने झाले की ब्रेक, कारण 240 दिवस भरले तर पोरगा पर्मनंट होण्याचा हक्क सांगेल.

सरकार मोठ्या प्रकल्पाला जीएसटीतला राज्याचा वाटा परत देतं, मुद्रांक शुल्क सोडतं, वीज शुल्क सोडतं. हे पैसे आपलेच आहेत. ते जरूर द्या, पण हजेरीपटावरचे कायम कामगार मोजून द्या.

वाळूजचा वर्कशॉपवाला

फिटरभाऊ, भाच्याचं वाचून वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मी वाळूजला पत्रा दाबणाऱ्या दोन प्रेस चालवतो. बावीस पोरं आहेत माझ्याकडे. बजाज 1985 च्या सुमारास वाळूजला आलं नसतं तर मी आज गंगापूर तालुक्यात पावसाची वाट बघत बसलो असतो. ती बावीस पोरं बजाजच्या हजेरीपटावर कधीच दिसणार नाहीत. त्यांना चहा देणारा, टेम्पोवाला, माल पॉलिशला नेणारा, हेही दिसणार नाहीत. तुम्ही गेटच्या आतली माणसं मोजताय. आमचं पोट गेटच्या बाहेर आहे.

आणि अटी घालायला आपण एकटेच बाजारात बसलोय का? ऑक्टोबर 2008 मध्ये टाटांच्या नॅनो गाडीचा कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून उठला आणि थेट गुजरातच्या साणंदला गेला. धोलेऱ्याला फॉक्सकॉन आलं नाही हे खरं, पण जमीन, पाणी, वीज यांची तयारी होती म्हणून मार्च 2024 मध्ये तिथेच टाटांच्या चिप कारखान्याचं भूमिपूजन झालं. त्यांनी केलेली तयारी फुकट गेली नाही. आपण मात्र अजून ‘कुणी घालवला’ यावरच बसलोय.

मावळची लेक

तयारी म्हणजे काय ते आमच्या घरी येऊन बघा, दादा. सातबाऱ्यावर संपादनाचा शिक्का पडला आणि कंपनीचा पत्ता नाही. ना जमीन विकता येते, ना त्यावर कर्ज मिळतं. भावाला गोठा बांधायचा होता, बँकेने सातबारा बघून कागद परत केले. वडील रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहतात, करत काहीच नाहीत. नोकऱ्या किती येणार यावर तुम्ही दोघं खुशाल भांडा, पण प्रकल्प येण्याआधीच ज्यांचं काम गेलं त्यांना कोणत्या रकान्यात धरणार?

वऱ्हाडातून

पुणे-संभाजीनगरवाल्यांनो, तुमच्याकडे भांडायला कारखाने तरी आहेत. मागास तालुक्यांना जास्त सवलत हे धोरण किती वर्षांचं जुनं आहे! तरी गाड्यांच्या कंपन्या चाकणलाच जातात, कारण बंदर जवळ, सुटे भाग जवळ. आमची पोरं तिकडेच येऊन एका खोलीत आठ-आठ जण राहतात. वर त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतात. सरकारी नियमात नोकरीत 80 टक्के स्थानिक हवेत, आणि स्थानिक म्हणजे 15 वर्षं महाराष्ट्रात राहिलेला माणूस. मग यवतमाळचा पोरगाही तितकाच स्थानिक आहे, एवढं लक्षात असू द्या.

विस्कॉन्सिनहून

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत या राज्यात राहतो, म्हणून लिहितो. 2017 मध्ये फॉक्सकॉनने इथे 13,000 नोकऱ्यांचं वचन दिलं होतं आणि राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या होत्या. 2021 मध्ये नवा करार झाला, तो 1,454 नोकऱ्यांचा. सवलत प्रत्यक्ष भरतीला बांधलेली होती म्हणून राज्याची तिजोरी बऱ्यापैकी वाचली. फिटरभाऊ म्हणतात ते इथे चालून दाखवलंय. पण माऊंट प्लेझंट या गावाने जमीन, रस्ते आणि पाण्यासाठी आधीच कर्ज काढलं होतं, लोकांची घरंही पाडून झाली होती. ते कुठल्याच अटीने परत आलं नाही. मावळच्या ताईंचा मुद्दा मला इथून जास्त ओळखीचा वाटतो.

वाळूजचा वर्कशॉपवाला

ताई, शिक्क्याचं तुमचं शंभर टक्के बरोबर. ठरावीक मुदतीत कंपनी आली नाही तर शिक्का आपोआप निघाला पाहिजे, यावर मी तुमच्या मोर्चात येईन.

पण फिटरभाऊ, कायम कामगारांची अट घातली तर कंपनी रोबो लावेल. मंदीत माणूस काढता येणार नाही या भीतीने कुणी घेणारच नाही. मला विचारा. ऑर्डर निम्म्यावर आली की माझी पहिली रात्र झोपेशिवाय जाते, कारण बावीसमधल्या कुणाला घरी बसवायचं ते मलाच ठरवायचं असतं. एक विचारतो, राग मानू नका. भाच्याची ती कंपनी चाकणला आलीच नसती तर बरं झालं असतं का?

खेडचा फिटर

राग कसला. कंपनी आली ते चांगलंच झालं. ती नसती तर भाचा भरतीच्या मागे धावत रस्त्यावर पळाला असता. आणि शंभरातले शंभर पर्मनंट करा असं मी म्हणतच नाही. जितके कबूल केले तितके दाखवा, आणि तेवढ्याच हिशोबाने सवलत घ्या. तुमच्यासारख्या वर्कशॉपला तर सवलत माझ्या मते आधी मिळाली पाहिजे.

पर्मनंट असूनही सुटका नाही, हेही आम्ही जवळून पाहिलंय. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबवलं, हजारावर कामगार घरी बसले. पुढे तोच कारखाना ह्युंदाईने घेतला, तेव्हा ‘आम्हालाही आत घ्या’ म्हणून हीच माणसं उपोषणाला बसली. कारखान्याची किंमत ठरली, जमीन-यंत्रांचे कागद झाले. माणसांसाठी कुणी एक ओळ घातली नाही. सवलत देताना ती ओळ घालून घेणं सरकारच्या हातात असतं. एकदा कंपनी उभी राहिली की कुणाच्याच हातात राहत नाही.

मागच्या आठवड्यात भाच्याने दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. ‘पूर्वीचा अनुभव, कंपनीचे नाव’ असा रकाना होता. चार वर्षं ज्या गेटमधून आत गेला त्या कंपनीचं त्याच्याकडे एक पत्र नाही. त्याने पिशवी उलटी केली, सहा पास ओळीने मांडले आणि मला विचारलं, ‘मामा, यातलं कोणतं नाव लिहू?’