खिशातला टॉर्च घेताना ल्युमेन बघू नका (पटत नसेल तर भांडा)

रातकिडा
ऑफिसातल्या एका पोराने नवीन टॉर्च घेतलाय, खोक्यावर ५००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक), पुढे झूम, मागे सायरन, आणि मला म्हणतो काका तुमचा हा बोटाएवढा काय कामाचा. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की रोज खिशात ठेवायचा टॉर्च घेताना त्याचा उजेड कमीत कमी किती होतो ते आधी बघावं, जास्तीत जास्त किती ते नंतर. रोज टॉर्च लागतो कशाला आठवून बघा, पार्किंगमध्ये पडलेली किल्ली, मीटरबोर्ड, पोराच्या घशात बघायला, रात्री कुणाची झोप न मोडता पाणी प्यायला. यातल्या एकाही कामाला १०० ल्युमेनच्या वर लागत नाही, पाण्याच्या वेळी तर एक-दोन ल्युमेन सुद्धा पुरतात आणि नेमका तोच मोड स्वस्तातल्या टॉर्चला नसतो.

बरं मोठा आकडा टिकतो म्हणाल तर तेही नाही. चांगल्या कंपन्या एफएल१ नावाच्या मानकाने मोजतात, त्यात ल्युमेन धरतात ते चालू केल्यावर पहिल्या ३० सेकंद ते २ मिनिटांतले, आणि रनटाइम धरतात तो उजेड १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. म्हणजे '१००० ल्युमेन, ३ तास' लिहिलंय म्हणून ३ तास १००० मिळत नाहीत. एवढ्याशा धातूत ती उष्णता जाणार कुठे, सर्किट आपणहून उजेड खाली आणतं. आणि ते '३०० मीटर झोत' म्हणतात ना, त्याचा अर्थ ३०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो एवढाच. तिथला माणूस ओळखू येईल या भ्रमात राहू नका.

माझी निवड: एका पेन्सिल सेलवर (एए मापाच्या) चालणारा, कमी उजेडाचा मोड असलेला, आयपीएक्स७ किंवा ८ वाला, म्हणजे पाण्यात पडला तरी चालणारा टॉर्च. सेल एसटी स्टँडवरच्या टपरीत पण मिळतो.

सरळसोट
मोबाईल नावाची वस्तू ऐकली आहे का? त्यात टॉर्च असतो. फुकट. एक वस्तू कमी सांभाळायची. हे खिशात टॉर्च, खिशात चाकू, खिशात पेचकस वाले लोक म्हणजे आपत्ती येण्याची वाट बघत बसलेले लोक असतात असं माझं निरीक्षण आहे 😄

रातकिडा
@सरळसोट, माझाही मोबाईलच होता की. सोसायटीच्या टाकीत वाकून पाण्याची पातळी बघत होतो, तो आता टाकीच्या तळाशी जाऊन आला आहे. शिवाय ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही, फोन आला तर उजेड कानाला लावायचा का? आणि लाईट जाते तेव्हाच बॅटरी नेमकी १२ टक्के असते हा तर निसर्गनियम आहे.

जाड_सेल
मोबाईलवाल्यांना सोडा, पण पेन्सिल सेलचा आग्रह मला अजिबात पटला नाही. हिशोब करा. रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्ट, २००० एमएएच, म्हणजे २.४ वॉट-अवर. १८६५० नावाच्या मापाचा चांगला लिथियम सेल ३.६ व्होल्ट, ३५०० एमएएच, म्हणजे १२.६. पाचपटीहून जास्त! आणि आकार? १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पेन्सिल सेल १४ बाय ५०. फक्त दीड सेंटीमीटर लांबीसाठी पाचपट ताकद सोडायची? माझा कॉन्व्हॉय कंपनीचा एस२+ हा १८६५० वाला टॉर्च कित्येक वर्षं रोज खिशात आहे, पँट अजून फाटलेली नाही.

फक्त सेल नीट घ्या. ऑनलाइन ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० विकतात ते शुद्ध थापा आहेत. हातात घेतलात तरी कळेल, खरा सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो, खोटा पोकळ वाटतो.

रातकिडा
हिशोब बरोबर आहे पण तो सेल संपला की रात्री ९ वाजता तालुक्याच्या गावी कुठे शोधणार? हल्ली पेन्सिल सेल आणि त्याच मापाचा १४५०० लिथियम, दोन्ही चालणारे टॉर्च मिळतात, सोफर्नचा एसपी१० प्रो तसला आहे. पण माहितीत तसं लिहिलेलं असेल तरच १४५०० घाला, साध्या टॉर्चमध्ये घातलात तर दीड व्होल्टच्या जागी ३.७ जाऊन जळेल.

बांधावरून
तुमचं सगळं वाचलं आणि हसू आलं. पार्किंगमधली किल्ली म्हणे. आमच्याकडे जुन्नर भागात शेतीच्या लाईटची पाळी असते, रात्रीची आली की १ वाजता मोटर चालू करायला जायचं, मग पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. एका हातात फावडं असतं. दुसऱ्या हातात तुमचा तो बोटाएवढा धरून बारं कसं मोडायचं ते सांगा. आम्हाला डोक्याची बॅटरी लागते, आणि वर एक हातातली लांब झोताची, उसाच्या कडेला मारायला, बिबट्या आमच्याकडे बातमीतला नाही, शेजारचा आहे.

पण खरी भीती बिबट्याची नाही, पायाखालची. घोणस वाळलेल्या पाचटात बसली की पाचटच वाटते, आणि मण्यार रात्रीच फिरते. इथे मला तुमच्या ल्युमेनपेक्षा उजेडाचा रंग महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे आधी निळसर पांढऱ्या उजेडाची होती, भगभगीत नुसती, तिच्यात पाचट, माती, साप सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसायचं. मुलाने नंतर पिवळसर आणून दिली, उजेड कमी आहे पण तपकिरीतला तपकिरी वेगळा कळतो. यावर तुम्ही कुणीच बोलला नाहीत.

जाड_सेल
दादा, एकदम मुद्द्याचं. त्याला सीआरआय म्हणतात, रंग किती खरे दिसतात त्याचं माप. खोक्यावर जास्त ल्युमेन छापायचे म्हणून बऱ्याच कंपन्या ६५०० केल्विनचा, ७० सीआरआयचा एलईडी टाकतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर). ४००० ते ५००० केल्विन आणि ९० च्या वर सीआरआय शोधा, उजेड थोडा कमी मिळेल. माझ्या एस२+ मध्ये मी मुद्दाम तसाच घेतलाय.

सरळसोट
शेतकरी दादांना लागतो हे मान्य. पण धागाकर्ता शेतात जातो का? नाही. मग त्याने मोबाईल वापरावा. टाकीत न पाडता.

गुळपापडी
सगळे पुरुष खिसा खिसा करताय, आमच्या कुर्त्याला खिसाच नसतो त्याचं काय? पर्समध्ये तुमचा १८६५० टाकला तर डबा कुठे ठेवू? मी किल्लीच्या जुडग्याला लावायचा अगदी छोटा घेतलाय, जिन्यातला बल्ब गेला की उपयोगी पडतो. आणि @सरळसोट, रात्री उशिरा रिक्षातून उतरून गल्लीत चालताना मला हातात फोन मिरवायचा नाहीये.

दोन अनुभव सांगते. आधीचा एक पर्समध्ये आपोआप चालू झाला, अस्तराला चक्क भोक पडलं, तेव्हा लॉक होतो का ते बघूनच घ्या, नाहीतर मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवा. दुसरं, टाइप सी लिहिलेलं असतं पण काही टॉर्च दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, जुन्या चौकोनी टोकाची केबल लागते. मी तो बिघडलाय समजून परत करायला निघाले होते.

रातकिडा
@बांधावरून, तुमच्या कामाला माझा टॉर्च चालणार नाही हे मान्य. रंगाचंही मान्य, ते मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. पण कमी मोडवर मी ठाम आहे. पावसाळ्याच्या तोंडावर राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी हजार ल्युमेनवाला येऊन झाडावर झोत मारणार. काजवे गप, आम्ही आंधळे. पुढे धुकं आलं तर त्याच बहाद्दरासमोर पांढरी भिंत, कारण डोक्याला लावलेला उजेड धुक्यावरून परत डोळ्यातच येतो. शेवटी माझा बोटाएवढा कमरेजवळ धरून वाट काढली.

जाड_सेल
माझ्या १८६५० वाल्याला पण कमी मोड आहे हो 🙂

बांधावरून
धुक्याचं खरंय, आम्ही पण पावसात डोक्याची काढून हातात खाली धरतो. बरं ते पिवळसर उजेडाची, डोक्याला लावायची, १८६५० वर चालणारी कुठली मिळेल ते लिहा कोणीतरी. पुढच्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे.